वरून दिसणारी दरी

गेल्या रविवारी बऱ्याच वर्षांनी नागफणीवर गेलो. (म्हणजे ड्यूक्स नोज. पण ज्यानं एकदा पावसाळ्यात खालून बघितलंय तो त्याला नाक म्हणणार नाही, नागाचा फणाच म्हणेल.) लोणावळ्याहून कुरवंडे गावापर्यंत रिक्षा आणि पुढे पायी. कॉलेजात असताना जी चढण सहज चढायचो, तिथे या वेळी दोनदा "फोटो काढायला" थांबलो. असो.

वर टोकावर उभं राहिलं की सह्याद्री एकदम संपतो. एका बाजूला एक्सप्रेसवेवरचे ट्रक मुंग्यांसारखे सरकताना दिसतात. दुसऱ्या बाजूला कुरवंडा घाटाची जुनी वाट झाडीत शिरते आणि खाली चावणी गावाकडे उतरते. तीच उंबरखिंड. माझ्याबरोबर ऑफिसातला एक मित्र होता. त्याला मी उत्साहानं सगळी लढाई सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, दरीकडे बघितलं आणि म्हणाला, "वेडा होता का रे तो खान? एवढी फौज घेऊन या असल्या खिंडीत कुणी शिरतं का?"

प्रश्न बरोबर होता. तरी मला तो कुठेतरी खटकला. का खटकला ते घरी येऊन गेम खेळताना लक्षात आलं, म्हणून हा लेख.

आधी लढाई थोडक्यात. १६६० पासून शाहिस्तेखान पुण्यात ठाण मांडून बसला होता. त्यानं कोकणातला मुलूख घ्यायला कारतलबखान नावाच्या उझबेक सरदाराला पाठवलं. खान बोरघाट सोडून कुरवंडा घाटानं खाली उतरायला लागला. फेब्रुवारी १६६१ च्या सुरुवातीला ती फौज खिंडीत पूर्ण शिरली आणि मग महाराजांच्या माणसांनी पुढची आणि मागची, दोन्ही तोंडं बंद केली. वरून दगड, बाण, गोळ्या. खाली दाट झाडी, आणि पाणीसुद्धा मिळेना. खानाच्या फौजेत रायबागन नावाची एक कर्तबगार सरदारीण होती. तिनं खानाला स्पष्ट सुनावलं की या रानात शिरलास हीच चूक झाली, आता शरण जाण्यावाचून मार्ग नाही. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात हा प्रसंग आहे. खानानं ऐकलं, खंडणी देऊन जीव वाचवला आणि परत गेला.

आता गंमत बघा. काही वर्षांपूर्वी मी हीच वाट खालून, चावणीच्या बाजूनं थोडी चढलो होतो. तिथे आत शिरलं की पुढचं वळण सोडून काही दिसत नाही. डोंगर दिसत नाही, नागफणी दिसत नाही, आपण कशात शिरतोय तेही कळत नाही. खानाला दरी अशी दिसली होती. मित्राला ती वरून दिसत होती आणि शिवाय शेवट माहीत होता. दोघांना दोन वेगवेगळ्या दऱ्या दिसत होत्या, म्हणा ना!

आता गेमकडे. ज्यांनी रोल-प्लेइंग गेम कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी: या गेममध्ये तुम्ही एका पात्राच्या अंगात शिरता आणि गोष्टीत जागोजागी तुम्हाला निवड करावी लागते. चोराला सोडायचं की पकडून द्यायचं? या राजाकडे जायचं की त्या बंडखोराकडे? १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा हे सगळं टेबलाभोवती बसून चालायचं. गोष्ट सांगणारा जिवंत माणूस समोर असायचा, त्यामुळे खेळाडूनं काहीही ठरवलं तरी तो गोष्ट तिकडे वळवू शकायचा. कॉम्प्युटरला ते जमत नाही. प्रत्येक फांदी कुणीतरी आधी लिहून ठेवावी लागते. गणित सोपं आहे: एका निवडीचे दोन रस्ते, तर दहा निवडींचे १०२४. आपल्याला एक रिलीज वेळेवर करताना नाकी नऊ येतात, १०२४ गोष्टी कोण लिहिणार? म्हणून बहुतेक गेम फांद्या फोडतात आणि थोड्या वेळानं गुपचूप पुन्हा एकत्र आणतात. २०१२ साली मास इफेक्ट ३ च्या शेवटावर खेळाडू एवढे भडकले ते यामुळेच. तीन गेमभर केलेल्या निवडी, आणि शेवटी तीन जवळपास सारखे शेवट. कंपनीला त्याच वर्षी वाढवलेला शेवट द्यावा लागला.

पण माझ्या मते फांद्या किती हा मुख्य मुद्दा नाहीच. मुख्य मुद्दा असा की निवडताना तुम्हाला काय माहीत असतं?

मास इफेक्टमध्ये चांगलं उत्तर निळ्या खात्यात जमा होतं आणि उर्मट उत्तर लाल खात्यात. बक्षीस काय मिळणार त्याचा अंदाज आधीच येतो. अशा वेळी आपण निवड करत नाही, फॉर्म भरतो. आणि चुकलंच तर जुना सेव्ह लोड करायचा. २००७ च्या विचर या पोलिश गेमनं यावर साधा उपाय काढला. त्यात एका रात्री तुम्हाला नदीकाठी एका व्यापाऱ्याचा माल राखायचा असतो. रात्री बंडखोर एल्फ येतात आणि आमच्या पेट्या आम्हाला द्या म्हणतात. द्यायच्या की लढायचं? मी दिल्या. मला वाटलं, गरीब बिचारे, अन्याय झालाय त्यांच्यावर. गेम काहीच बोलला नाही. कितीतरी तासांनी, पुढच्या प्रकरणात, ज्या माणसाकडून मला माहिती हवी होती तो बाणांनी मेलेला सापडला. त्या पेट्यांमधली शस्त्रं कुठे गेली ते तेव्हा कळलं! आता जुना सेव्ह लोड करायचा म्हणजे दोन रविवार पाण्यात. मी मुकाट्यानं पुढे गेलो. गेममध्ये मी खरी अशी पहिली निवड ती केली, कारण करताना मला शेवट दिसत नव्हता.

आणि इथे मला मावळातली सगळ्यात मोठी निवड आठवली. त्यासाठी लोणावळ्याहून जरा दक्षिणेला, भोरकडे जावं लागेल. आज मावळ म्हटलं की आपल्याला वडगाव-कामशेतचा तालुका आठवतो, पण तेव्हाची बारा मावळं पार तिकडच्या खोऱ्यांपर्यंत पसरलेली होती. त्यातलं एक रोहिड खोरं. तिथल्या कारीचे देशमुख कान्होजी जेधे. तिथलेच दुसरे देशमुख खंडोजी खोपडे.

साल १६५९. अफजलखान विजापूरहून मोठी फौज घेऊन निघालाय. आदिलशहाची फर्मानं मावळातल्या देशमुखांकडे येताहेत. कान्होजींना आलेल्या फर्मानाची तारीख १६ जून १६५९. मजकुराचा सारांश असा की खानाला सामील व्हा आणि शिवाजीच्या लोकांना थारा देऊ नका. फर्मान पाळलं तर मेहेरबानी, नाही तर काय होईल ते सांगायला नको.

आता क्षणभर कान्होजींच्या जागी बसा. नोव्हेंबर अजून पाच महिने लांब आहे. प्रतापगड म्हणजे अजून नुसता एक नवा किल्ला आहे. तुमचं वतन शाही मान्यतेवर उभं आहे. एका बाजूला विजापूरची सल्तनत, दुसऱ्या बाजूला एकोणतीस वर्षांचा एक तरुण, ज्याचे वडील त्याच सल्तनतीच्या चाकरीत आहेत. मला खरं सांगा, तुमच्या सीए मित्राला विचारलंत तर तो काय सल्ला देईल?

खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले. पुढचा प्रसंग जेधे घराण्याच्या करीन्यात आहे आणि तो मला फार आवडतो, कारण त्यात महाराज त्यांचं मन वळवत बसत नाहीत. उलट धोका सांगतात. खोपडे गेले आहेत, तुम्ही फर्मान मानलं नाहीत तर वतन जाईल, जिवावर बेतेल, तुम्हीही जा. ज्याला तुमची सगळ्यात जास्त गरज आहे तोच तुम्हाला किंमत सांगतोय. निळं खातं नाही, लाल खातं नाही. कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं. आपण आज वाक्प्रचार म्हणून म्हणतो तसं नव्हे, खरोखर हातावर पाणी घेऊन. आणि मग बाकीच्या देशमुखांना गोळा करायला लागले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखान मारला गेला. नंतर खोपडे सापडले, तेव्हा कान्होजींनीच त्यांच्यासाठी रदबदली केली. महाराजांनी शब्द राखून जीव घेतला नाही, पण एक हात आणि एक पाय तोडला.

तुमच्या लक्षात आलं का? मी वर "खोपडे गेले" असं लिहिलंय. लिहिताना बोटं अडखळली. मराठीत आपण सहज "कान्होजी गेले" आणि "खोपडे गेला" म्हणतो. निकाल व्याकरणातच लागलेला असतो. पण त्या जूनमध्ये, फर्मान हातात पडलं त्या दिवशी, दोघेही "ते"च होते.

मागच्या वर्षी ट्वाइनमध्ये मी यावर एक छोटासा शब्दांचा गेम केला होता. तुम्ही मावळचे देशमुख, फर्मान येतं, काय करणार? पाच-सहा मित्रांना खेळायला दिला. सगळ्यांनी अर्ध्या मिनिटात महाराजांची बाजू घेतली. एकानं तर मजकूर न वाचताच! मग मी नावं काढून टाकली. कुठलंतरी खोरं, कुठलातरी सुलतान, कुठलातरी तरुण बंडखोर. हिशेब तोच, आकडे तेच. आता तेच लोक विचार करायला लागले. कुणी सुलतानाकडे गेलं. कुणी "आजारी आहे" म्हणून निरोप पाठवायचा पर्याय का नाही म्हणून माझ्याशी भांडलं. एक जण रात्री फोन करून म्हणाला, "अरे, मी मुलांचा विचार करून सुलतानाकडे गेलो. हे खरं कुठलं आहे?" मी सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही.

खोपड्यांना निर्दोष ठरवायचा माझा अजिबात हेतू नाही. ते चुकले आणि त्यांनी किंमत मोजली. मला एवढंच म्हणायचंय की खोपड्यांचा रस्ता आपण मूर्खपणाचा ठरवला, तर कान्होजींचं मोठेपणही आपोआप लहान होतं. सोप्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देण्यात कसलं आलंय शौर्य? तो रस्ता शहाणपणाचा दिसत होता, जवळपास बिनधोक दिसत होता, म्हणून तर कान्होजी कान्होजी आहेत.

हे सगळं लिहिताना मला सारखे तात्याआजोबा आठवत होते. आईचे काका, कामशेतच्या बाजूचे. त्यांनी १९९१ साली डोंगराच्या बाजूची जमीन मुंबईच्या एका माणसाला विकली. पुढे एक्सप्रेसवे झाला, बंगले झाले, भाव कुठल्या कुठे गेले. आमच्याकडे दर दिवाळीला हा विनोद होतोच. "तात्यांनी विकली नसती तर आज आपण सगळे मर्सिडीजमधून आलो असतो." मीही केलाय. अनेकदा. ते हसतात आणि पान लावत बसतात.

नागफणीवरून उतरल्यावर मित्राला स्टेशनवर सोडलं आणि सरळ त्यांच्याकडे गेलो. इंद्रायणीचा गरम भात आणि आमटी झाली. मग अंगणात बसल्यावर मी पहिल्यांदाच विचारलं, की तात्या, तेव्हा नक्की काय झालं होतं? त्यांना आधी वाटलं मी पुन्हा चेष्टा करतोय. मग म्हणाले,

"अरे बाळा, रस्ता होणार, रस्ता होणार हे मी कधीपासनं ऐकत होतो. कोण म्हणे इकडनं, कोण म्हणे तिकडनं. तुझ्या मावशीचं लग्न मात्र त्याच वैशाखात होतं."

त्यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. मावशीचा संसार चांगला झाला, दोन्ही मुली शिकल्या, धाकटी आमच्याच क्षेत्रात आहे. हे त्या हिशेबात कुणी कधी धरलंच नव्हतं.

परतीच्या लोकलमध्ये मी ट्वाइनमधला तो गेम पुन्हा उघडला. "आजारी आहे म्हणून निरोप पाठवा" हा पर्याय आता घालणार आहे. मित्राचं बरोबर होतं, त्या वेळी कुणीतरी नक्कीच तसा विचार केला असणार. कुणाला खेळून बघायचा असेल तर कळवा. नावं मात्र शेवटपर्यंत सांगणार नाही.