मांडव आणि पोढी

उन्हाळा लागला की मंचरच्या बाजारपेठेत एक प्रश्न हमखास कानावर येतो. 'अंगणात सावली करायचीय, काय टाकू?' दुकानदार विचारतो, पत्रा, फायबर, ताडपत्री की शेडनेट? मग बोलणी फुटाच्या दरावर येतात आणि प्रश्न मिटतो. मंडळी, आपल्या मुलखात हा प्रश्न फार जुना आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी त्याचे उत्तर कातळात कोरून ठेवले आहे.

मंचरहून नारायणगावमार्गे जुन्नरला गेलात की मानमोडीचा डोंगर लागतो. तिथल्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याने वर्ष ४६ मध्ये पुण्यासाठी एक पोढी आणि एक मटप दान केला, एवढेच त्यात सांगितले आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके, मटप म्हणजे मंडप. ते वर्ष शक संवताचे धरले तर काळ येतो इ. स. १२४. हा मंडप दगडात कोरलेला, पानाफांद्यांचा नव्हे. पण शब्द तोच, जो झिजत झिजत आपल्या दारातला मांडव झाला.

१६३० साली ज्या शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले, त्याच डोंगराच्या पोटात त्याहून कितीतरी जुनी लेणी आहेत. तिथल्या एका लेखात चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या आहेत. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक, किंवा पश्चिमेकडून आलेला परका माणूस. पुढे हा शब्द आमच्याकडे सरकला, ते असो. मुद्दा असा की परमुलखातून आलेल्या माणसाला या मातीत आपले नाव ठेवावेसे वाटले, तेव्हा त्याने लोकांना सावली दिली, पाणी दिले. नाणेघाट चढून आलेल्या थकल्या वाटसरूला याच दोन गोष्टी हव्या असत. म्हणून घाटमाथ्यावरही पाण्याची टाकी खोदलेली आहेत.

१४९० साली मलिक अहमदने जुन्नरला निजामशाहीची सुरुवात केली. अशा राजवटींबरोबर फारसी आपल्या बोलीत उतरली आणि सावलीला नवे शब्द मिळाले. शामियाना आला, कनात आली. अकबराच्या दरबारचा अबुल फजल 'आईने अकबरी'त शामियान्याचे मापही देतो, जास्तीत जास्त १२ गज लांबरुंद. हे सारे उभारणारा तो फर्राश, आपला फरास. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या फरासखान्याचे नाव आज आपण पोलीस चौकीमुळे घेतो, पण फरासखाना म्हणजे मुळात तंबू, कनाती आणि जाजमे सांभाळणारे खाते. आज आमच्या घरी लग्न निघाले तरी आम्ही 'मांडव पडला' म्हणतो आणि शेजारचे पाटील 'शामियाना ठोकला' म्हणतात. सावलीखाली बसताना शब्दाची जात कुणी विचारत नाही.

मग आला पत्रा. १८२९ साली लंडनमध्ये हेन्री पामर याने पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले. हलका, टिकाऊ, पाऊस अडवणारा. पावसासाठी तो उत्तमच, पण उन्हात तो स्वतः तापतो आणि खालच्या माणसाला भाजून काढतो. आपल्या शेतकऱ्याला हे ठाऊक नाही असे नाही. बटाट्याची आरण तो झाडाच्या गार सावलीला लावतो. कांद्याची चाळ जमिनीपासून उचलून, बाजूंना फटी ठेवून बांधतो, वारा खेळावा म्हणून. बटाट्याला नि कांद्याला जे कळवळून देतो, ते अंगणात बसणाऱ्या म्हाताऱ्या आईला मात्र द्यायचे राहून जाते.

म्हणून सावली निवडताना दराच्या आधी सूर्याकडे पाहावे. मंचर साधारण १९ अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला दुपारचा सूर्य इथे बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा वरचे छप्पर कामाला येते. पण चारनंतरचे तिरपे ऊन छपराखालून आत शिरते. त्याला पश्चिमेकडून तट्ट्या, वाळ्याचा पडदा नाहीतर दाट वेल हवी. पत्राच घालायचा असेल तर उंच घालावा, गरम हवेला वरून वाट ठेवावी, वर उसाचे पाचट पसरावे. शेडनेट वारा जाऊ देते, पण पाऊस अडवत नाही. आणि काहीही टाका, पक्के बांधा. वळवाचा वारा विचारून येत नाही.

सर्वांत गार सावली वेलीच्या मांडवाची, कारण पाने पाणी सोडतात आणि हवा निववतात. मधुमालती किंवा कृष्णकमळ पावसाळ्यात लावावे. दोडका, पडवळ भाजी देतात, पण पावसाळी वेल उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. द्राक्षाचा मोह नारायणगावकडे सर्वांनाच होतो, पण एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की ऐन उन्हात मांडव उघडा पडतो.

वेलीला मात्र पाणी लागते. पाणी नसेल तर मांडव वाळतो आणि उरतात नुसते बांबू. अयमाच्या लेखात पोढी आधी येते, मटप नंतर. अंगणात काही उभारण्याआधी तो क्रम आठवावा. वेलीसाठी सांडपाण्याची वाट काढावी, कडेला पाण्याचा माठ ठेवावा, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला, कांदा काढायला आलेल्या बायांना घटकाभर टेकता येईल एवढी जागा मोकळी सोडावी. जुन्नरच्या लेण्यांत ज्यांची नावे राहिली, त्यांनी ती सावली स्वतःसाठी केलेली नव्हती.