हार्वर्डची भोजनगृहं आणि पंक्तिभेद

विद्यापीठाची मुलं वाढली की जेवायची जागा अपुरी पडणारच. वास्तुकार मोठं दालन काढून देतो. पण कोणी कोणाबरोबर जेवायचं, हेही त्या नकाशात ठरत असतं. हार्वर्डचंच बघा.

१७६६ मध्ये तिथे खवट लोण्यावरून विद्यार्थ्यांनी चक्क बंड केलं होतं. पुढे १८१३ ते १८१५ या काळात चार्ल्स बुलफिंच यांच्या आराखड्यानुसार युनिव्हर्सिटी हॉल उभा राहिला, तेव्हा तळमजल्यावर एक नाही, चार भोजनदालनं केली. चार वर्षांचे चार वर्ग, प्रत्येकाची पंगत वेगळी. दंगा टळावा हा हेतू. गंमत अशी की मधल्या भिंतींना गोल झरोके ठेवले! मग काय होणार? त्यातून अन्न फेकलं जाऊ लागलं. १८१८ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची पोरं अशी भिडली की थाळ्या-बश्यांचा चुरा झाला. काहींना शिक्षा झाल्यावर दुसऱ्या वर्षाच्या वर्गाने बंड पुकारलं. त्याच वर्गात पंधरा वर्षांचा राल्फ वाल्डो इमर्सन होता. १८४९ मध्ये ही खानावळ बंदच झाली.

नंतरचं मोठं भोजनगृह १८७४ चं, मेमोरियल हॉलमधलं. यादवी युद्धात युनियनच्या बाजूने लढताना मेलेल्या १३६ हार्वर्डकरांची नावं तिथे, दालनालगतच्या भिंतींवर कोरली आहेत. गुलामगिरी संपवणाऱ्या त्या युद्धाच्या स्मारकात मुलं रोज जेवत होती, हे ध्यानात ठेवा.

कारण १९१४ मध्ये अध्यक्ष लॉवेल यांनी पहिल्या वर्षासाठी भोजनदालनांसह नवी वसतिगृहं उघडली. श्रीमंत-गरीब मुलांनी एकत्र राहावं, जेवावं म्हणून तिथे राहणं सक्तीचं केलं. फक्त कृष्णवर्णीयांना मात्र दार बंद! आपल्याकडे याला पंक्तिभेद म्हणतात. दुसरा शब्द मला तरी सुचत नाही. १९२२ मध्ये यावर गदारोळ झाला, माजी विद्यार्थी उठले, आणि १९२३ मध्ये नियामक मंडळाने ठरवलं की रंगावरून कोणालाही वगळता येणार नाही. पण त्याच ठरावात पाचर मारून ठेवली: गोऱ्या-काळ्यांवर एकत्र राहण्या-जेवण्याची सक्तीही नसावी.

१९३० पासून ‘हाउस’ पद्धत आली, प्रत्येक हाउसला स्वतःचं भोजनगृह मिळालं. मेमोरियल हॉलमधली जेवणं त्याआधीच थांबली होती. १९९६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलामुलींसाठी, एकाच छताखाली.