लठ्ठपणाची अल्पपरिचित कारणे

आरोग्यास बाधक ठरेल इतका मेद (चरबी) शरीरात साठणे म्हणजे लठ्ठपणा. जादा आहार आणि अपुरी हालचाल ही त्याची सर्वपरिचित कारणे खरी असली, तरी भूक किती लागावी आणि खाल्लेल्या अन्नातील किती भाग मेदरूपाने साठावा हे ठरवणाऱ्या काही गोष्टी जन्मापूर्वीच घडून गेलेल्या असतात. त्यामुळे लठ्ठ व्यक्तीला खादाड वा आळशी ठरवून मोकळे होणे शास्त्राला धरून नाही.

गर्भावस्थेतील उपासमार हे यांतील सर्वांत अनपेक्षित कारण होय. 1944–45 च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त नेदरलँड्सच्या पश्चिम भागात मोठा दुष्काळ पडला. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांची पुढे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीसाठी तपासणी झाली, तेव्हा गर्भावस्थेच्या पूर्वार्धात उपासमार सोसलेल्यांत लठ्ठपणाचे प्रमाण अधिक, तर अखेरच्या महिन्यांत ती सोसलेल्यांत कमी आढळले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्यालगतच्या सहा गावांत 1993 पासून केलेल्या अभ्यासात, तेथील नवजात बालके सरासरी सुमारे 2.7 किग्रॅ. वजनाची, म्हणजे इंग्लंडमधील बालकांहून बरीच हलकी असूनही, त्यांच्या खांद्याच्या फऱ्याखालील मेदाचा थर त्या मानाने फारसा कमी नव्हता. कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची. ही ठेवण प्रौढपणीही दिसते. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा शरीरवस्तुमान निर्देशांक याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही 22.3 होता, मेद मात्र याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के, तर युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के होता, हे 2004 मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाने छापले.

अपुऱ्या झोपेचाही भुकेशी संबंध आहे. 2004 मधील एका प्रयोगात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले असता, तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन हे संप्रेरक 18 टक्क्यांनी घटले व भूक चाळवणारे घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले. प्रयोग लहान असल्याने त्यावरून सरसकट निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. ओलान्झापिनसारखी मनोविकारांवरील औषधे, स्टेरॉइडे आणि इन्सुलिन यांमुळेही वजन वाढते, आणि धूम्रपान सोडल्यावरही ते अनेकदा वाढते (अर्थात ते सुरू ठेवण्यास ही सबब होऊ शकत नाही).

मेद पोटाभोवती साठण्याकडे भारतीयांचा कल असल्याने केवळ वजनकाट्यावर विसंबणे फसवे असते. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी 2009 मध्ये लठ्ठपणाची सीमा निर्देशांक 30 ऐवजी 25 वर आणली आणि कमरेचा घेर पुरुषांत 90 सेंमी. व स्त्रियांत 80 सेंमी. किंवा त्याहून अधिक असल्यास त्यास उदरीय लठ्ठपणा मानावे, असे ठरवले.