धाराशिव जिल्ह्यातील वीरगळ आणि सतीशिळा

वीरगळ म्हणजे युद्धात किंवा गावाच्या, गोधनाच्या रक्षणार्थ मरण पावलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा होय. मराठवाड्यातील अनेक गावांप्रमाणे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातही वेशीजवळ, जुन्या शिवमंदिरांच्या आवारात वा झाडाखालच्या पारावर अशा शिळा आढळतात. पतीमागे सती गेलेल्या स्त्रीच्या शिळेस सतीशिळा म्हणतात. या शिळा स्मारके आहेत. त्यांच्याखाली दफन असतेच असे नाही.

'''व्युत्पत्ती'''

कन्नडमध्ये 'कल्लु' म्हणजे दगड. 'वीरगल्लु' या शब्दावरून मराठीत 'वीरगळ' रूढ झाला. राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य आणि देवगिरीचे यादव यांची सत्ता या भागावर होती. कन्नड आणि मराठी भाषांच्या निकट संपर्काची ही खूण आहे.

'''रचना'''

मराठवाड्यातील वीरगळ बहुधा काळ्या पाषाणाचे असतात. शिळेवर साधारणतः तीन किंवा चार चौकटी असून त्या खालून वर वाचाव्या लागतात. तळाच्या चौकटीत लढाई किंवा धराशायी वीर असतो. काही शिळांवर गायीही दिसतात, त्यावरून गोधन सोडविताना मरण आल्याचे समजते. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर कलश आणि बाजूला चंद्र-सूर्य कोरतात. चंद्र-सूर्य असेपर्यंत कीर्ती टिकावी, असा त्याचा अर्थ आहे. मुंबईतील शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत पंखधारी देवदूत जे सांगतात, तेच येथे अप्सरा सांगतात.

सतीशिळेवर कोपरात वाकवून वर उचललेला, बांगड्या भरलेला हात असतो. या शिळा इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासल्या जातात. सतीप्रथेचे उदात्तीकरण १९८७ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे.

'''अभ्यास'''

कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख असतात. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळ मात्र लेखरहित आहेत. त्यामुळे वीराचे नाव, काळ आणि प्रसंग यांचा अंदाज शस्त्रे, वेशभूषा, शैली आणि शिळेचे मूळ स्थान यांवरून बांधावा लागतो. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले असून काही अभ्यासक त्याचा संबंध शिलाहार-यादव संघर्षाशी जोडतात. एस. शेट्टर व गुंथर सोन्थायमर यांनी संपादित केलेला 'मेमोरियल स्टोन्स' (१९८२) हा या विषयावरील महत्त्वाचा ग्रंथ आहे.

'''सद्यःस्थिती'''

शेंदूर आणि तेलाचे थर चढल्याने कित्येक शिळांवरील कोरीवकाम झाकले गेले आहे. मात्र या पूजेमुळेच त्यांतील काही टिकूनही राहिल्या. इतर शिळा भिंतीत चिणल्या जातात, पायरी किंवा धुण्याचा दगड म्हणून वापरल्या जातात, अथवा मंदिराच्या जीर्णोद्धारात बाजूला टाकल्या जातात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने शिल्प पुरावशेष ठरते. तरीही गावोगावच्या सुट्या शिळांची राखण प्रत्यक्षात ग्रामस्थांवरच अवलंबून असते.

लेखरहित शिळा मूळ जागेवरून हलली, की ती कोणत्या गावाच्या कोणत्या संकटाची साक्ष होती, हे सांगणारा दुवा तुटतो. म्हणून शिळा हलविणे अपरिहार्य झाल्यास आधी छायाचित्र, मोजमाप आणि मूळ जागेची नोंद करणे आवश्यक ठरते.