अपिलाची वाट

न्यायाधीशाने अपराध्यास अपराधाच्या मानाने फारच सौम्य शिक्षा दिली, किंवा शिक्षा भोगत असलेल्या कैद्यास अधिकाऱ्याने अवेळी घरी सोडले, तर त्याचा जाब कोणी, कोणाकडे आणि कोणत्या मार्गाने मागावा, हा प्रश्न आजकालच्या वर्तमानपत्रांनी उभा केला अशी कोणाची समजूत असेल तर ती दुरुस्त करावयास हवी. कारण आज ज्यास आपण जालना जिल्हा म्हणतो त्या भूमीवर जितके अंमल आले तितक्या वेळा या प्रश्नाचे उत्तर बदलले, आणि उत्तराबरोबर फिर्यादीला तुडवावी लागणारी वाटही बदलली.

जुन्या मराठी मुलखात तंट्याचा निवाडा गोतसभा करी व त्याचा महजर, म्हणजे निवाडापत्र, होई. त्या कागदावर सभेस हजर असलेल्या देशमुख-देशपांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत सर्वांची नावे उतरत, आणि ज्यास अक्षरओळख नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी; पाटलाच्या नावापुढे नांगर येई, न्हाव्याच्या नावापुढे आरसा. असे महजर बहुतांशी वतनाच्या तंट्यांचे असत आणि त्या व्यवस्थेत जातीच्या उतरंडीचा अन्यायही पुष्कळ होता, हे मान्य करूनही एक गुण नाकारता येत नाही: निवाडा कोणी केला हे पिढ्यान्‌पिढ्या त्या कागदावरून सांगता येई. हरलेल्या पक्षास निवाडा पक्षपाती वाटला तर दुसऱ्या थळी, म्हणजे दुसऱ्या गावच्या सभेपुढे, मनसुबी (न्यायनिवाडा) व्हावी अशी मागणी त्यास करता येई, आणि अशा थळांमध्ये गोदातीरीच्या पैठणची ख्याती मोठी होती. अंबड परगण्याच्या रयतेस पैठण काही दूर नव्हते.

निजामाच्या राज्यात ही वाट लांबली. अव्वल तालुकदार हाच वसुलीचा अंमलदार आणि तोच फौजदारी न्यायाचा अधिकारी, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली, आणि १९२१ साली सातव्या निजामाच्या फर्मानाने न्यायखाते मुलकी खात्यापासून वेगळे झाले, ही गोष्ट त्या राजवटीच्या जमेस मोकळ्या मनाने धरली पाहिजे. कारण इंग्रजी हिंदुस्थानात ज्या सुधारणेची मागणी वर्षानुवर्षे ठरावांतच राहिली होती ती येथे अमलात आली. परंतु अदालतीची भाषा उर्दू होती. भोकरदनच्या कुणब्याने आपल्या भावाच्या मारेकऱ्यास अल्प शिक्षा का झाली हे जाणावयाचे म्हटले, तर त्याने फैसल्याची नक्कल मिळवावी, ती मुन्शीकडून वाचवून घ्यावी, आणि मग मनमाड-हैदराबाद या मीटरगेज लोहमार्गाने थेट हैदराबादपर्यंतचा प्रवास करावा, असा क्रम होता. ज्या निर्णयाची कारणेच फिर्यादीला स्वतःस वाचता येत नाहीत, त्या निर्णयाचा जाब त्याने काय मागावा?

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली. १९५१ च्या एप्रिलपासून फौजदारी प्रक्रियेचा देशभरचा कायदा येथे लागू झाला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि तोच लोहमार्ग फिर्यादीला आता उलट दिशेने, मनमाडला गाडी बदलून, मुंबईस नेऊ लागला. १९८१ च्या १ मे रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला औरंगाबादेस उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसले. अपिलाची वाट साठ-पासष्ट किलोमीटरांवर आली. माझ्या मते जालन्याच्या गरीब फिर्यादीच्या दृष्टीने त्या वर्षातील या दोन घटनांमध्ये दुसरी अधिक मोलाची होती.

वाट जवळ आली, तरी तीवरून चालण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न उरतोच. निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करण्याचा अधिकार फौजदारी प्रक्रियेच्या १८७२ च्या कायद्याने सरकारला दिला. शिक्षा अपुरी आहे म्हणून अपील करण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली, तीही सरकारसाठीच. ज्याच्या घरावर आघात झाला त्यास २००९ च्या अखेरीस प्रथमच स्वतःचे अपील मिळाले, पण ते निर्दोष सुटका, कमी गंभीर कलमाखालील दोषसिद्धी आणि अपुरी भरपाई एवढ्यांपुरते; शिक्षा सौम्य आहे ही तक्रार आजही त्याने सरकारच्याच तोंडून मांडावयाची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

अपिलाशिवायही जाब मागता येतो. देसाईगंजच्या पोलिस चौकीत १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या दोघा पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडून दिले, तेव्हा उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांस उघड पत्र लिहिले. त्यांनी कोणाच्या पदच्युतीची मागणी केली नाही. निकालातील तर्काची एकेक कडी तपासून संमती आणि निमूट शरणागती यांतील भेद न्यायालयाने कसा पुसून टाकला ते दाखविले. निकाल पालटला नाही, परंतु देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. न्यायाधीशास जाब विचारण्याची याहून प्रतिष्ठित रीत मला आपल्या इतिहासात दिसत नाही.

उलटपक्षी, सौम्यतेबद्दल अधिकाऱ्याच्या नोकरीवरच हात टाकण्याचा प्रयत्नही झालेला आहे. केंद्रीय उत्पादनशुल्क खात्यातील झुंजारराव भिकाजी नगरकर यांनी एका प्रकरणात दंड बसविला नाही म्हणून त्यांच्यावर दोषारोप ठेवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते रद्द केले, कारण लाच वा लोभ यांचा पुरावा नसताना केवळ चुकीच्या निर्णयासाठी चौकशी लागू लागली तर न्यायदान करणारा प्रत्येक अधिकारी भयाने कठोर होईल. हा निर्णय मला सर्वथैव योग्य वाटतो.

पॅरोलची गोष्ट मात्र निराळी. पॅरोल व फर्लो या कैद्यांच्या तात्पुरत्या सुट्यांच्या १९५९ च्या नियमांखाली नियमित पॅरोल विभागीय आयुक्त मंजूर करीत, फर्लो कारागृह उपमहानिरीक्षक. जालन्याच्या कैद्याचा कागद म्हणून पुन्हा औरंगाबादेसच, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जाई. आईच्या आजारपणात वा बापाच्या अंत्यविधीस माणसाला घरी जाऊ द्यावे, ही दयाबुद्धी कोणत्याही सभ्य राज्यास शोभणारी आहे, आणि पैठणच्या खुल्या कारागृहात शेती करणारे कैदी तिचीच साक्ष देतात. पण पॅरोलचा हुकूम उघड्या न्यायासनावर होत नाही. ठाण्यातून अहवाल येतो. मृताच्या घरच्यांचे म्हणणे त्यात अंमलदार जितके उतरवील तितकेच वर पोहोचते. मुंबईतील एका तरुण वकील स्त्रीच्या खुनात जन्मठेप झालेला कैदी २०१६ साली नाशिकच्या कारागृहातून पॅरोलवर सुटला तो परतलाच नाही, आणि काश्मिरात सापडला तो २०१७ मध्ये. मधल्या काळात सरकारने नियम कडक केले, म्हणजे एका हुकुमाची किंमत वेळेवर परतणाऱ्या कैद्यांकडूनही वसूल झाली. त्यापेक्षा प्रत्येक हुकुमावर मंजुरीची कारणे मराठीत लिहिली जावीत, त्याची नक्कल फिर्यादीच्या घरी आगाऊ पोहोचावी, आणि हरकत घेण्यासाठी त्या घरास खंडपीठाचा खर्च न पडता जालन्यातच जिल्हा न्यायाधीशापुढे उभे राहता यावे, एवढी मागणी या जिल्ह्याने करावयास हरकत नाही.