लॅटिन कवींच्या जुन्या छापील प्रती आणि आपल्या पोथ्या

ता. 5 नोव्हेंबर 1817 रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, पुण्यास मुळा-मुठेच्या संगमावरील इंग्रज रेसिडेन्सी पेशव्यांच्या फौजेने जाळली. रेसिडेंट एल्फिन्स्टन हा तत्पूर्वीच नदीपलीकडे निघून गेला होता. परंतु त्याचा ग्रंथसंग्रह मात्र तेथेच राहिला आणि त्याची राख झाली. शत्रूच्या पुस्तकांकरिता हळहळणे कित्येक स्वाभिमानी वाचकांस रुचणार नाही हे आम्ही जाणतो. तथापि हा गृहस्थ मोठा वाचक होता. 1804 पासून काही वर्षे तो नागपुरास भोसल्यांच्या दरबारी होता, व आमचा चांदा प्रांत तेव्हा त्याच भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्याच्या रोजनिशीत राजकारणाच्या शेजारीच ग्रीक व लॅटिन कवींच्या वाचनाच्या नोंदी आढळतात. पुढे मुंबईच्या विद्वत्सभेस, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीस, त्याने दान्तेच्या महाकाव्याची एक जुनी हस्तलिखित प्रत नजर केली. ती आजही टाऊन हॉलात जतन केलेली आहे. त्या काव्यात दान्तेस नरकाची वाट दाखविणारा वाटाड्या म्हणजे लॅटिन कवी व्हर्जिल होय, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच व्हर्जिलच्या छापील प्रतींपायी युरोपातील संग्राहकांनी आपली संपत्ती उधळली. व्हेनिस येथील आल्डस मनुशियस या मुद्रकाने 1501 साली व्हर्जिल आठपेजी आकारात, तिरप्या ठशांत छापला. त्यापूर्वी असले ग्रंथ बहुधा मेजावर मांडून वाचावयाचे असत. आल्डसचे पुस्तक हाती धरून बागेत फिरता येई. ते तिरपे खिळे फ्रान्चेस्को ग्रिफो नामक कारागिराने कोरले होते. त्याच वर्षी होरेस व मार्शल, पुढील वर्षी कॅटलस, असा क्रम सुरू झाला. मागणी इतकी वाढली की फ्रान्सातील लियों शहरच्या मुद्रकांनी हुबेहूब नकला काढल्या. तेव्हा 1503 साली आल्डसने एक जाहीर पत्रक काढून बनावट प्रती कशा ओळखाव्या हे सांगितले, व त्यांतील चुकाही एकेक करून नोंदविल्या. लियोंकरांनी ते पत्रक वाचून आपल्या पुढील छपाईत तेवढ्या चुका दुरुस्त करून घेतल्या! आज संग्राहक त्या बनावट प्रतीही आवडीने जमवितात.

सोळाव्या शतकातील ग्रोलिए या फ्रेंच सरदाराने आल्डसचे ग्रंथ विपुल जमविले. त्याच्या सुंदर बांधणीच्या पुस्तकांवर लॅटिनमध्ये ‘ग्रोलिए व त्याच्या मित्रांचे’ अशा अर्थाचे शब्द ठसविलेले असत. एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती तो ठेवी. त्या मित्रांस देण्याकरिता असाव्यात असा तर्क केला जातो. तर्क खरा असो वा नसो, स्वतःच्या पुस्तकावर मित्रांचा हक्क लिहून ठेवणारा मनुष्य आम्हांस आवडतो. आमच्याकडील कित्येक कपाटांवर ‘पुस्तक मागू नये’ असे लिहिलेले असते. तेही अनुभवाअंतीच लिहिले जाते, हे खरे.

हा सारा श्रीमंतांचा छंद, त्यात विद्येचा संबंध काय, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही; कित्येक संग्राहकांनी पुस्तकाची पाने कधी उलगडली नसतील. परंतु सिलियस इटॅलिकस या कवीचे उदाहरण पाहावे. त्याच्या काव्याच्या आठव्या सर्गातील सुमारे ऐंशी ओळी आज उपलब्ध असलेल्या हस्तलिखितांत मिळत नाहीत. 1523 साली आल्डसच्या छापखान्यातून निघालेल्या प्रतीत त्या काव्यात समाविष्ट झाल्या. त्या खऱ्या की कोणी रचून घातलेल्या, हा वाद पंडितांत चालत आला आहे. निकाल काहीही लागो, तो वाद चालविण्यास साधन उरले ते कोणीतरी ते जुने पुस्तक जपून ठेवले म्हणूनच.

हे परक्यांचे झाले. आपल्या घरी पाहू. इतिहासाचार्य राजवाडे यांस बीडजवळच्या पाटांगण येथे ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. एकनाथांनी शके 1506 मध्ये संशोधित केलेल्या पाठाहून ती प्राचीन आहे असे त्यांचे म्हणणे होते. 1909 साली त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. मूळ पोथी पुढे नाहीशी झाली. म्हणजे तिच्याविषयी कोणासही बोलावयाचे असेल तर ते 1909 च्या छापील पुस्तकाच्या आधारेच बोलावे लागते. सिलियसच्या त्या ऐंशी ओळींची जी स्थिती, तीच ही. आमच्या कोरपन्याहून नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. तेथे य. खु. देशपांडे यांनी महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्या मिळवून अभ्यासिल्या, हे वाचकांस ठाऊक असेलच. हस्तलिखितांस असे वाली काही तरी मिळाले. छापील जुन्या पुस्तकांस कोण? मिरजकर पटवर्धनांनी 1805 साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापविली. बाळशास्त्री जांभेकरांनी 1845 साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली. युरोपात असल्या पुस्तकांकरिता लिलावात बोली चढली असती. आमच्याकडे ‘छापील आहे, दुसरे मिळेल’ एवढ्या एका वाक्यावर त्यांची बोळवण होते.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हेही सांगितले पाहिजे. आमच्या घरी एक शिळाछाप पोथी होती. लाल फडक्यात बांधलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. जंगलपट्टीतील पावसाळ्यात कागद दमट होतो आणि वाळवीस वेळ लागत नाही. वडील मंडळींच्या मागे ती वाचणारे कोणी उरले नाही. भंगलेली पोथी घरात ठेवू नये असे शेजारच्या वृद्ध बाईंनी सांगितले, व आम्हांसही ते पटले. तेव्हा तिला हळदकुंकू वाहून, चांगला दिवस पाहून, आम्ही ती स्वतःच्या हातांनी पैनगंगेत सोडली. फडके मात्र चांगले होते म्हणून घरी परत आणले. पोथीच्या शेवटच्या पानावर छापखान्याचे नाव व शक होता एवढे आठवते. तो कोणता, हे पाहून ठेवण्याचे त्या दिवशी घरातील कोणासही सुचले नाही.