टाकून दिलेल्या ३२ तबकड्या: कल्याण ते खोडद

१/ चाळीसगाव-मनमाड मार्गाने मुंबईला जाणारी खानदेशातील गाडी कसारा घाट उतरून कल्याणला येते. धुळ्याची मंडळीही चाळीसगावला गाडी बदलून याच मार्गाला लागतात. या कल्याणजवळ १९६५ साली सूर्याचा वेध घेणाऱ्या ३२ तबकड्या रांगेने उभ्या राहिल्या. भारतातील पहिली मोठी रेडिओ दुर्बीण ती हीच. आणि तिचे सर्व अँटेना परदेशात मोडीत निघालेले होते. #थ्रेड

२/ एवढ्या तबकड्या कशासाठी? दृश्य प्रकाशाच्या तुलनेत या दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींची लांबी सुमारे दहा लाख पट अधिक, ४९ सेंटिमीटर. तरंगलांबी जितकी मोठी, तितके चित्र धूसर. कल्याणची एक तबकडी जेमतेम १.८ मीटर व्यासाची. ती एकटी असती, तर सूर्याच्या रुंदीच्या तीसपट आकाश तिला एकाच ठिपक्यासारखे भासले असते. अनेक तबकड्या दूरदूर ठेवून त्यांचे संकेत एकत्र आणले, तर सूक्ष्म तपशील टिपण्याच्या बाबतीत ती रांग तिच्या लांबीएवढ्या दुर्बिणीचे काम करते. गरीब देशाला परवडणारी युक्ती हीच होती.

३/ गोविंद स्वरूप ही युक्ती शिकले सिडनीत. कोलंबो योजनेखाली १९५३ साली ते आणि आर. पार्थसारथी तेथे गेले. क्रिस्टियनसन या शास्त्रज्ञाने पॉट्स हिल येथे ३२ तबकड्यांची रांग उभारून सूर्याची निरीक्षणे केली होती. नव्या, मोठ्या रचनेचे काम सुरू होताच ही जुनी रांग निरुपयोगी ठरली. स्वरूपांनी ती भारताला देण्याची विनंती केली. तेथील प्रमुख जोसेफ पॉसी यांनी मान्यता दिली, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे के. एस. कृष्णन यांनीही होकार दिला.

४/ आणि मग सारे अडले ते वाहतुकीच्या खर्चावर! सुमारे ७०० पौंड कोणी द्यायचे, यावर पत्रव्यवहार लांबत गेला. १९५५ साली परतलेले स्वरूप वाट पाहून १९५६ मध्ये अमेरिकेस निघून गेले. तबकड्या अखेर दिल्लीस आल्या, तेव्हा त्या वापरणारा माणूस देशात नव्हता. आपल्या विज्ञानाच्या इतिहासात वैज्ञानिकांच्या चरित्रांइतकेच अशा पत्रव्यवहारांनाही स्थान असायला हवे.

५/ १९६१ मध्ये परदेशातील चार भारतीय शास्त्रज्ञांनी, म्हणजे स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, भारतातील संस्थांना एक संयुक्त प्रस्ताव पाठवला: आम्ही परत येतो, रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करू. होमी भाभांनी जानेवारी १९६२ मध्ये तारेने होकार कळवला. १९६३ साली स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि दिल्लीत पडून असलेल्या तबकड्या मागवून घेतल्या.

६/ कल्याणला २४ तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटर अंतरात आणि ८ तबकड्या उत्तर-दक्षिण २५६ मीटरमध्ये मांडल्या गेल्या. आता सूर्याचे बिंब एका ठिपक्याऐवजी दहा-बारा पट्ट्यांत विभागून पाहता येऊ लागले. तीनच वर्षे, १९६८ पर्यंत, हे काम चालले. पण तेथे ग्राहकयंत्रे जुळवत, तारा जोडत जी तरुण मंडळी तयार झाली, ती या तबकड्यांपेक्षा मोलाची ठरली. त्यांतील विजय कपाही पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले.

७/ खानदेशच्या वाचकाला येथे पाटण आठवावे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवीचा शके ११२८ चा शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला. ग्रंथ लिहिला तरी तो शिकवणारी पिढी घडवावी लागते, हे त्यांना कळले होते. कल्याणची रांगही अशीच एक पाठशाळा होती.

८/ त्याच गटाने १९७० मध्ये उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण पूर्ण केली. डोंगराचा उतार तेथील अक्षांशाएवढाच, सुमारे ११ अंशांचा, निवडला. त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि तिला एकाच अक्षाभोवती फिरवून तारा दिवसभर टिपता येऊ लागला. डोंगरालाच यंत्राचा भाग करून घेण्याची ही कल्पकता विलक्षण आहे.

९/ नंतर आले नारायणगावजवळचे खोडद. तेथील जीएमआरटीच्या तबकड्या ३०, म्हणजे कल्याणपेक्षा दोन कमीच. पण प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मध्यभागी दाटीने, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात. दोन-दोनच्या ४३५ जोड्या होतात आणि पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडी आकाशाचा वेगळा कोन टिपते. भरीव पत्रा परवडणारा नव्हता, म्हणून ताणलेल्या तारदोरांवर बारीक पोलादी जाळी बसवली. मीटरभर लांबीच्या लहरींना जाळीची छिद्रे जाणवत नाहीत आणि वारा मात्र आरपार निघून जातो. ही दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. सिडनीच्या जुन्या रांगेसाठी शब्द टाकणारे स्वरूप तेव्हा ७२ वर्षांचे होते.